पाणी गेलं, कळा नाहीत. सकाळची वाट बघू नका

उल्हासनगर : "पाणी गेलंय, पण कळा काय येत नाय. सकाळच्याला बघू." अंबरनाथ-मुरबाड पट्ट्यातल्या कुठल्याही गावात, वाडीवर वा पाड्यावर हे वाक्य ऐकायला मिळते. म्हणणारी बाई अनुभवी असते. तिच्या हातून घरातली चार-पाच बाळंतपणे पार पडलेली असतात आणि तिचे म्हणणे पुष्कळदा खरेही ठरते, रात्री उशिरा कळा येतात. पण ज्या वेळी ते खरे ठरत नाही, त्या वेळी त्याची किंमत आई आणि बाळ दोघांना मोजावी लागते.

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये शासनाचे मध्यवर्ती रुग्णालय आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी लष्करी छावणीच्या जागेवर १९४९ साली हे शहर वसले. आज या रुग्णालयाचा आधार शहराला जेवढा आहे, तेवढाच अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, मुरबाड या बाजूच्या खेड्यापाड्यांनाही आहे. गावच्या उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून ग्रामीण रुग्णालयात आणि शेवटी "कॅम्प तीनला न्या", हा रस्ता इकडच्या लोकांना पाठ आहे. म्हणूनच पाणी गेल्यावर घरात किती तास बसायचे, आणि दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी "आता कळा आणाव्या लागतील" असे सांगितले तर घाबरायचे की कसे, हे गावातल्या प्रत्येक घराला ठाऊक असायला हवे.

पाणी जाते म्हणजे काय?

पोटात बाळ पाण्याच्या पिशवीत असते. हे पाणी बाळाला धक्क्यापासून सांभाळते आणि पिशवीचे पातळ आवरण खालून येणारे जंतू अडवते. एरवी आधी कळा सुरू होतात आणि मग पाणमोट फुटते. पण दिवस भरलेल्या शंभर बायकांपैकी साधारण आठ जणींचे पाणी कळांच्या आधीच जाते. यात त्या बाईची काही चूक नसते. जड उचलले, पायऱ्या चढली, शेतावर गेली म्हणून असे झाले, असे सासरच्यांनी तिला ऐकवण्याचे कारण नाही.

अशा शंभर जणींपैकी साधारण साठ जणींना चोवीस तासांत आपोआप कळा सुरू होतात. आजीबाईंचा अनुभव खोटा नाही, तो असा. राहिलेल्या चाळीस जणींचे काय, हा खरा प्रश्न आहे. आवरण फुटल्यामुळे जंतूंना वर जायचा रस्ता मोकळा झालेला असतो. जितके तास जातील तितका आईच्या पिशवीला आणि बाळाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढत जातो. पाणी शाबूत असताना दोनशे बाळांत एखाद्याला गंभीर संसर्ग होतो, तर पाणी आधी गेले असेल तर शंभरात एखाद्याला. म्हणजे बहुतेक बाळे सुखरूप असतात, हेही लक्षात ठेवावे. पण आपले बाळ त्या शंभरातले एक असेल की नाही, हे घरी बसून कोणालाच सांगता येत नाही.

घरी काय करावे, काय करू नये

पहिले काम म्हणजे घड्याळ बघणे. पाणी किती वाजता गेले, ते कागदावर लिहून ठेवावे. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर असतो. "दुपारी गेलं वाटतं" एवढ्याने भागत नाही.

दुसरे, स्वच्छ पांढरे कापड किंवा पॅड घ्यावे आणि पाण्याचा रंग बघावा. पाणी नितळ किंवा किंचित गुलाबी असेल तर ठीक. हिरवट-पिवळट असेल तर बाळाने पोटात शी केलेली असू शकते. लाल रक्त जात असेल, पाण्याला घाण वास येत असेल, आईला ताप असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर एक मिनिटही घालवू नये. लघवी झाली की पाणी गेले, असा संशय पुष्कळ जणींना येतो. लघवीला तिचा वास असतो आणि ती आवरून धरता येते, हे पाणी आवरत नाही. खोकले की पुन्हा येते. तरीही खात्री नसेल तर दवाखान्यातच तपासून घ्यावे.

क्वचित एखादीला पाण्याबरोबर नाळ खाली उतरते. अंगाबाहेर दोरीसारखे काही लागले तर बाईला ताबडतोब गुडघ्यांवर आणि कोपरांवर ओणवे करून, कंबर उंच ठेवून, त्याच अवस्थेत गाडीत घालावे. नाळ ओढू नये, आत ढकलू नये.

काय करू नये, तेही तितकेच महत्त्वाचे. सुईणीने किंवा घरातल्या बाईने हात घालून तपासू नये. आत गेलेल्या प्रत्येक हाताबरोबर जंतू आत जातात. नवरा-बायकोचा संबंध टाळावा. कळा याव्यात म्हणून एरंडेल पाजू नये. त्याने जुलाब होऊन बाईच्या अंगातले बळ जाते आणि ऐन बाळंतपणात ती गळून पडते.

सरकारी दवाखान्यात नाव नोंदवल्यावर माता व बाल संरक्षण कार्ड मिळते. त्यात धोक्याची लक्षणे छापलेली असतात आणि कळा नसताना पाणी जाणे हे त्यांतलेच एक आहे. कार्ड ट्रंकेत कपड्यांखाली ठेवण्याऐवजी सातव्या महिन्यापासून हाताशी ठेवावे आणि घरातल्या शिकलेल्या पोराकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावे.

कळांचे इंजेक्शन : घरी नको

या भागात अजूनही एक घातक पद्धत दिसते. कळा येईनात की गावातल्या "डॉक्टर"ला बोलावून घरीच कमरेत सुई टोचून घ्यायची. हे औषध ऑक्सिटोसिन. गावकऱ्यांना ते वेगळ्या कारणाने माहीत आहे. म्हशीला पान्हा सोडायला तबेल्यात जी सुई चोरून मारतात, तीच ही. तिच्या गैरवापराला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली खासगी कंपन्यांच्या उत्पादनावर बंदीही घातली होती; ती त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली, कारण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध जीव वाचवते.

म्हणजे औषध वाईट नाही. ते कुठे, कसे आणि किती दिले, यावर सगळे आहे. दवाखान्यात कळा आणण्यासाठी ते सलाईनमधून थेंब मोजून देतात. कळा फार जोरात आल्या किंवा बाळाचे ठोके बिघडले तर सलाईन बंद करतात आणि थोड्या मिनिटांत औषधाचा जोर उतरू लागतो. कमरेत टोचलेली सुई मात्र परत काढता येत नाही. पिशवी आवळतच राहते, बाळाला प्राणवायू कमी पडतो आणि कधी पिशवी फाटते. आधीचे सिझर असेल तर हा धोका फार मोठा. घरी सुई टोचणाऱ्याजवळ ना ठोके ऐकायची सोय असते, ना ऑपरेशनची. तीच गोष्ट गोळ्यांची. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळीचा मोठा तुकडा दिला, तर जे सुईने होते तेच होते.

दवाखान्यात काय होते?

पाणी खरेच गेले आहे का, हे डॉक्टर स्वच्छ उपकरणाने बघतात. आईचा ताप, नाडी, बाळाचे ठोके आणि बाळ डोक्याकडून आहे की पायाळू, हे तपासतात. दिवस पुरते भरले नसतील तर विचार वेगळा असतो. बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून सुया देऊन, अँटिबायोटिक देऊन, देखरेखीखाली थांबावे लागू शकते. दिवस भरलेले असतील तर मात्र फार वाट न बघता कळा सुरू करणे बरे, असे आज जगभर मानतात. जागतिक आरोग्य संघटनेचाही तोच सल्ला आहे.

पिशवीचे तोंड अजून कठीण असेल तर ते मऊ करायला मिसोप्रोस्टॉलची अगदी कमी मात्रेची गोळी किंवा प्रोस्टाग्लँडिनची जेल देतात. तोंड मऊ असेल तर ऑक्सिटोसिनचे सलाईन लावतात. दहा मिनिटांत तीन-चार चांगल्या कळा याव्यात, असा बेत असतो. पाचाहून जास्त होऊ लागल्या तर औषध कमी करतात किंवा थांबवतात. पहिलटकरणीला या सगळ्याला अख्खा दिवस, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. सलाईन लावले म्हणजे दोन तासांत पोर हातात, अशी समजूत करून घेऊ नये. बाहेर बसलेल्या मंडळींनी दर अर्ध्या तासाने "अजून कसं नाय झालं?" म्हणून आत निरोप पाठवू नये. या कळा आपोआप येणाऱ्या कळांपेक्षा जोरात वाटतात, हे बाईला आधीच सांगितले तर तिचा धीर सुटत नाही.

"शिजर करतील" ही भीती

घरात बसून राहण्यामागचे खरे कारण पुष्कळदा हेच असते. "दवाखान्यात नेलं की सलाईन, आणि सलाईन लावलं की शिजर." या भीतीला मोठ्या अभ्यासाने उत्तर दिले आहे. कॅनडातल्या डॉ. मेरी हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या ५०४१ बायकांवर केलेला अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. दिवस भरलेल्या, पाणी गेलेल्या पण कळा नसलेल्या या बायका. काहींना लगेच कळा आणल्या, काहींना चार दिवसांपर्यंत थांबू दिले. दोन्हीकडे सिझरचे प्रमाण जवळजवळ सारखेच, शंभरात दहाच्या आसपास निघाले. म्हणजे कळा आणल्यामुळे सिझर वाढले नाही. उलट लगेच सलाईन लावलेल्यांत आईला संसर्ग शंभरात चार जणींना झाला, तर थांबलेल्यांत आठ ते नऊ जणींना. बाळांच्या संसर्गात मोठा फरक दिसला नाही. पुढे २०१७ साली अशा २३ अभ्यासांची, ८६१५ बायकांची एकत्र छाननी झाली, तिचाही कौल तोच आला.

अर्थात, काही जणींना सिझर लागतेच. ठोके बिघडले, बाळ आडवे असले, पिशवीचे तोंड उघडलेच नाही, तर ऑपरेशन जीव वाचवते. पण डॉक्टरांना विचारण्याचा हक्क घरच्यांना आणि त्या बाईला आहे. पाणी जाऊन किती तास झाले? बाळाचे ठोके कसे आहेत? कोणते औषध देणार? थोडे थांबता येईल का, आणि थांबलो तर कशावर लक्ष ठेवणार? नितळ पाणी, ताप नाही, बाळ चांगले हलते, अशा वेळी देखरेखीखाली काही तास थांबण्याचा विचार डॉक्टर करूही शकतात. पण हे थांबणे दवाखान्यातले, घरच्या ओटीवरचे नव्हे.

खर्च आणि रस्ता

पैशाची अडचण असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ सालापासून लागू आहे. त्यात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त आणि बाळंतिणीचे जेवण मोफत आहे. घरून दवाखान्यात नेणे, एका दवाखान्यातून दुसरीकडे नेणे आणि परत घरी सोडणे, हेही त्यातच येते. आशाताईंचा फोन नंबर आणि १०२, १०८ हे आकडे भिंतीवर कोळशाने का होईना, लिहून ठेवावेत.

रस्त्याचा विचार पावसाळ्यात जास्त. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. बोटींनी हजाराहून अधिक प्रवासी बाहेर काढले, त्यांत नऊ गरोदर बायका होत्या. भरल्या पावसात ओढ्यापलीकडच्या वाडीवरून निघायचे असेल तर पाणी जायची वाट न बघता, नववा महिना लागल्यावर रस्त्याजवळच्या नातेवाइकाकडे मुक्काम हलवणे शहाणपणाचे.

आणि बाळंतपण झाले की काम संपले, असे नाही. पाणी बराच वेळ आधी गेलेले असेल तर पहिले काही दिवस बाळावर नजर ठेवावी. दूध ओढत नाही, अंग गार किंवा कढत लागते, श्वास भरभर चालतो, रडणे मलूल झाले, यांपैकी काही दिसले तर लगेच दाखवावे. आईला थंडी वाजून ताप आला किंवा अंगावरून घाण वासाचे जाऊ लागले तरी तसेच.

इथून जवळच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो बाळंतपणाचाच, कारण चौदाव्या वर्षी त्यांचे स्वतःचे दहा दिवसांचे मूल गेले होते. त्यांच्या काळी गाठायला दवाखाना नव्हता. आज तो आहे, गाडी आहे, औषध आहे. गरज आहे ती वेळेवर उंबरठा ओलांडायची. म्हणून सासूबाईंनी, आईने, आणि मुख्य म्हणजे नवऱ्याने एवढे ठरवून टाकावे की पाणी गेले की वेळ लिहायची, कार्ड घ्यायचे आणि निघायचे. कळा वाटेत आल्या तर उत्तमच. नाही आल्या तर पुढचे बघायला तिथे माणसे आहेत.