गादीवरची डुलकी आणि झोपेचा डॉक्टर

जोहरनंतर गादीवर डुलकी लागली की आम्ही व्यापारी ती जेवणावर ढकलतो. रात्रपाळीचा कारीगर मागाजवळ पेंगला, की मात्र तो कामचोर ठरतो. आम्हीही तेच केले. तुटक्या तारांचे ताके निघाले म्हणून एका जुन्या कारीगराचे तीन हप्त्यांत पैसे कापले. पुढे हिशेब लिहिताना आमचेच डोळे मिटू लागले, गोळ्या घेऊनही रक्तदाब उतरेना, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी झोपेच्या विकारांच्या तज्ज्ञाकडे पाठविले.

असा वेगळा डॉक्टर असतो हेच आम्हांस ठाऊक नव्हते. त्यांनी आधी घरच्यांना विचारले, घोरता घोरता श्वास थांबतो का? मग शिंप्याप्रमाणे टेपने गळ्याचे माप घेतले. नंतर आठ प्रश्न : वाचताना, टीव्ही पाहताना, मोटारीत बसल्याबसल्या डोळा लागण्याचा संभव किती? प्रत्येकी ० ते ३ गुण. बेरीज १० च्या वर गेली तर तपास करावा. ही एपवर्थ मोजपट्टी मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. आमची बेरीज १६!

मग एक रात्र तारा लावून झोपविले. डोक्याला तारा, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. श्वास किमान १० सेकंद थांबला की एक नोंद. तासाला ३० हून जास्त नोंदी म्हणजे आजार तीव्र. आमच्या ३८ होत्या, आणि आम्ही समजत होतो की गाढ झोपतो!

इलाज म्हणजे नाकावर मुखवटा लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे यंत्र. ही युक्ती सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांची, १९८१ सालची. किंमत हजारांत. पहिले पंधरा दिवस जीव घुसमटला. दोनदा परत करायला निघालो. डॉक्टरांनी मुखवटा बदलला, दाब जुळवून दिला. त्यांचे अर्धे काम हेच दिसते. मागांच्या गावात यंत्राचा फिल्टर रुईने लवकर भरतो, तेवढे पाहावे. आणि हा आजार असेल तर मनाने झोपेची गोळी घेऊ नये; श्वास आणखी दबू शकतो.

त्या कारीगरालाही आम्ही तिथेच नेले. त्याला आमचा आजार नव्हताच. दिवसा पत्र्याच्या खोलीत, मागांच्या खडखडाटात त्याला जेमतेम चार तास झोप मिळत होती. कापलेले पैसे परत केले, दिवसपाळी दिली. रात्रपाळीला अजून दोघे आहेत. त्यांना ते आठ प्रश्न विचारायचे राहिले आहेत.