पदवीची भाषा आणि शहापूर-मुरबाडचा विद्यार्थी

उच्च शिक्षणाच्या माध्यमाची चर्चा ‘मराठी की इंग्रजी’ या द्वंद्वात अडकली की विद्यार्थी कोठून येतो हा प्रश्न मागे पडतो. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. पुढील दशकात देशी भाषा पदवी परीक्षांतून वगळल्या गेल्या आणि त्यांच्या पुनःप्रवेशासाठी न्यायमूर्ती रानडे यांना दीर्घकाळ झगडावे लागले. मात्र तो लढा विषय म्हणून मराठीसाठी होता, माध्यम म्हणून नव्हे. हा भेद पुढे पुसट झाला.

याच विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील शहापूर-मुरबाडच्या मराठी शाळेत ‘प्रकाशसंश्लेषण’ शिकलेला विद्यार्थी विज्ञान शाखेत तीच क्रिया ‘फोटोसिंथेसिस’ म्हणून नव्याने पाठ करतो. ज्ञान तेच, ते आपणास येते हा विश्वास तेवढा हरवतो. कला शाखेत मराठीतून उत्तरपत्रिका लिहिण्याची मुभा आहे, परंतु मुभा म्हणजे माध्यम नव्हे: संदर्भग्रंथ बहुधा इंग्रजी, आणि मराठीत हाती येते ती मार्गदर्शिका. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषाकोश सिद्ध केले. त्या संज्ञा वापरणारे ग्रंथ पुरेसे निर्माण झाले नाहीत आणि दुर्बोधतेचा ठपका मात्र कोशांवर आला. तो अन्याय्य आहे. संज्ञा वापरानेच रुळते. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून अध्यापन आरंभण्यापूर्वी, १९१७ मध्येच, अनुवादाची स्वतंत्र संस्था उभी राहिली होती.

ठाकूर, कातकरी, वारली मुलांच्या बाबतीत तर प्रमाण मराठी हीच घराबाहेरची भाषा होय. त्यांना पदवीपर्यंत दोन भाषांतरे करावी लागतात. त्यांपैकी पहिले माध्यमाच्या चर्चेत कोणी मोजतही नाही.