कंबोडियाला कोणी सोडवले, कशासाठी सोडवले?

परक्या फौजेने एखाद्या हुकूमशहाला खाली खेचले की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, पीडित जनता सुटली. दुसरा म्हणतो, सुटका कसली, हा तर मुलूख गिळण्याचा डाव! २००३ साली अमेरिका इराकवर चालून गेली तेव्हा हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीपर्यंत आला होता. पण या वादाचा खरा कस लागतो तो कंबोडियात. बुद्धाला मानणाऱ्या या देशावर काय गुदरले, हे आपल्या घरोघरी ठाऊक असायला हवे.

१७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉटच्या खमेर रूज सैनिकांनी राजधानी नॉम पेन्ह घेतली. त्याआधी अनेक वर्षे अमेरिकन विमानांनी या देशाची खेडी भाजून काढली होती, हेही विसरून चालणार नाही. लढाई संपली म्हणून लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, तोच हुकूम सुटला, शहर रिकामे करा! इस्पितळातले रोगीसुद्धा खाटांसकट रस्त्यावर आले. पैसा बंद, बाजार बंद, शाळा बंद. शिकलेला माणूस म्हणजे शत्रू. भिक्खूंची चीवरे उतरवून त्यांना शेतावर जुंपले, कित्येकांना ठार केले. विहारांची कोठारे झाली, तुरुंग झाले. तुओल स्लेंग येथील शाळेच्या वर्गांत कोठड्या बांधल्या आणि तेथून किमान बारा हजार माणसे मरणाच्या दारी पाठवली. पावणेचार वर्षांत सुमारे ७८ लाखांच्या देशातले १५ ते २० लाख लोक भुकेने, रोगाने आणि कत्तलीने गेले.

हे सारे चालू असताना एकही मोठे राष्ट्र मदतीला धावले नाही. चीन तर पोल पॉटचा पाठीराखाच होता.

धावला तो शेजारचा व्हिएतनाम, आणि तोही दयेपोटी नव्हे. खमेर रूजचे सैनिक सीमा ओलांडून व्हिएतनामी गावांवर हल्ले करीत होते. एप्रिल १९७८ मध्ये बा चुक या एकाच गावात त्यांनी तीन हजारांहून अधिक माणसे कापली. नोव्हेंबरात व्हिएतनामने सोव्हिएत रशियाशी मैत्रीचा करार करून पाठ भक्कम केली, २५ डिसेंबरला मोठी चढाई केली आणि ७ जानेवारी १९७९ रोजी नॉम पेन्ह घेतले. युनोत व्हिएतनामने आपली बाजू मांडली ती स्वसंरक्षणाची. राजवट उलथली ती कंबोडियन जनतेच्याच उठावाने, असा त्याचा दावा होता. परक्या जनतेला वाचवायला आलो, असे त्याने म्हटलेच नाही!

म्हणजे हेतू स्वार्थाचा होता. तरीही कत्तल थांबली, ती त्याच फौजेमुळे. माझे मत स्पष्ट आहे. ज्या आईचे उरलेले मूल त्या दिवशी वाचले, तिला हेतूचा हिशेब विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण मग विरोध करणाऱ्यांचे हेतू तरी कुठे निर्मळ होते? फेब्रुवारी १९७९ मध्ये चीनने व्हिएतनामला अद्दल घडवायला त्याच्यावर हल्ला केला. आपले परराष्ट्रमंत्री वाजपेयी तेव्हा चीनमध्येच होते; दौरा आटोपता घेऊन ते परतले. सप्टेंबरात युनोच्या आमसभेने ७१ विरुद्ध ३५ मतांनी कंबोडियाची खुर्ची पोल पॉटच्याच प्रतिनिधीला दिली. मानवी हक्कांचे धडे देणारी अमेरिका त्या ७१ मध्ये होती. परक्या फौजेने सरकार पाडणे घातक, हा त्यांचा मुद्दा लहान राष्ट्रांच्या दृष्टीने खोटा नव्हता. पण मारेकऱ्याला खुर्ची देण्याचे समर्थन त्यातून होत नाही. भारताने जुलै १९८० मध्ये नव्या सरकारला मान्यता दिली, तेव्हा अशी मान्यता देणारे देश थोडेच होते.

पुढे सोडवणाऱ्याचेही पाय मातीचे निघाले. १९७९ मध्ये नॉम पेन्हच्या उनालोम विहारात सात भिक्खूंची पुन्हा उपसंपदा झाली, तीही व्हिएतनाममधून आलेल्या थेरवादी भिक्खूंच्या हस्ते. केवढा तो दिवस! पण पन्नाशीच्या आतल्या पुरुषाला चीवर घेण्यास नव्या सरकारने मनाई केली, आणि ही मनाई १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत राहिली. तरुण हात शेतीला आणि सैन्याला हवे होते. थायलंडच्या सीमेवर जंगल तोडायला हजारो गरिबांना सक्तीने नेले. हिवतापाने आणि सुरुंगांनी त्यातले कित्येक मेले. व्हिएतनामी फौज परत गेली ती थेट सप्टेंबर १९८९ मध्ये.

म्हणूनच ७ जानेवारीवर तेथे अजून वाद आहे. सत्ताधारी पक्ष तो विजयदिन म्हणून पाळतो. विरोधकांतले अनेक जण त्याला गुलामीचा पहिला दिवस म्हणतात. त्या नव्या राजवटीतून वर आलेले हुन सेन १९८५ पासून २०२३ पर्यंत पंतप्रधान होते आणि खुर्ची पुढे मुलाकडे गेली, हे पाहता विरोधकांचा राग समजू शकतो.

युनोतल्या त्या मतदानाची किंमत न्यायालाही मोजावी लागली. युनोच्या मदतीने उभ्या राहिलेल्या न्यायालयाची पहिली शिक्षा झाली ती २०१० मध्ये, तुओल स्लेंगच्या तुरुंगप्रमुखाला. पोल पॉट तर एप्रिल १९९८ मध्येच थायलंडच्या सीमेजवळच्या जंगलात मेला होता.