कुत्र्याच्या तोंडातला माठ!

दोस्ता, एक कोडं घालू? उन्हात खेळून आल्यावर तुझा शर्ट घामानं चिंब होतो. पण घामानं भिजलेली कुत्र्याची पाठ कधी पाहिलीस? नाही ना!

मग त्याला घाम येतो तरी कुठे? ओळख पाहू! पावलांच्या तळव्यांना! बाकी अंगाला जवळजवळ नाहीच.

आता चल अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात. हे शहर आहे सोनोरन वाळवंटात. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथला पारा सलग ३१ दिवस ४३ अंशांच्या वर गेला! बापरे! तिथली कुत्री काय करत असतील?

ती जीभ बाहेर काढून धापा टाकतात. एका मिनिटात ३०० पेक्षाही जास्त! आणि गंमत अशी, की त्यांची ओली जीभ आणि नाक चक्क घरातल्या माठासारखं काम करतात. माठातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन उडून जाते. आतलं पाणी गारेगार! जिभेवरचं पाणीही असंच उडतं आणि कुत्र्याचं रक्त थंड होतं.

पण माठात पाणीच नसेल तर? म्हणून कुत्र्याला सावली हवी आणि भरलेलं भांडं हवं. चपट्या नाकाच्या पगला तर जास्तच जपायचं. त्याच्या नाकात वाफ व्हायला जागाच कमी!

आणखी एक नवल! फिनिक्समध्येही मॉन्सून येतो. हवा दमट झाली की वाफ लवकर उडत नाही. पावसाळ्यात माठ कुठे नीट गार होतो? तेव्हा आभाळ भरलेलं असलं, तरी धोका असतोच!

पारा साधारण ३८ अंशांवर गेला, की फिनिक्स पालिकेच्या डोंगरवाटांवर कुत्र्यांना चक्क बंदी! फिरायला जायचं ते भल्या पहाटे.

कुत्रा झोकांड्या खायला लागला, तर त्याला लगेच सावलीत ने. अंगावर पाणी ओत. मोठ्यांना हाक मार आणि प्राण्यांच्या डॉक्टरांकडे पळा!

आणि हो, उन्हात डांबर ६० अंशांच्याही वर तापतं. म्हणून आधी पालथा हात रस्त्यावर टेकवायचा आणि सातपर्यंत आकडे मोजायचे. चटका बसला? हात लगेच उचल आणि फिरणं रद्द! ही युक्ती नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातही चालते बरं का. तुझा हात पोळला, तर कुत्र्याचे पायही पोळणारच!