विद्यापीठीय प्रयोगकला-शिक्षण आणि महाड-पोलादपूर परिसर

प्रस्तावना :
नाट्य, नृत्य व चित्रपट ही केवळ मनोरंजनाची साधने नसून ज्ञानाच्या स्वतंत्र शाखा आहेत, ही भूमिका महाराष्ट्रातील उच्च शिक्षणात हळूहळू रुजली. पुण्यात 1960 मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेत चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली. पुणे विद्यापीठात 1987 मध्ये ललित कला केंद्र स्थापन झाले, तर मुंबई विद्यापीठात 2003 मध्ये वामन केंद्रे यांच्या पुढाकाराने नाट्यशिक्षणाची अकादमी उभी राहिली.

अध्ययनाचे स्वरूप :
प्रयोगकलेच्या अध्ययनाचे तीन स्तर मानता येतात. अभिनय, पदन्यास, छायाचित्रण ही कौशल्ये पहिल्या स्तरावर येतात. इतिहास व सिद्धान्त हा दुसरा स्तर होय. प्रयोगाचे निरीक्षण, नोंद व विश्लेषण हा तिसरा स्तर. नाट्यसंहिता ग्रंथालयात उपलब्ध होते. प्रयोग मात्र घडतो आणि संपतो. म्हणूनच तिसऱ्या स्तराला विशेष महत्त्व आहे.

स्थानिक संदर्भ :
महाड-पोलादपूर परिसरातील विद्यार्थ्याला या स्तराची सामग्री घराच्या अंगणातच मिळते. गौरी-गणपतीत जाखडी नाचली जाते. गायक-वादक मध्यभागी बसतात व नर्तक त्यांच्याभोवती फेर धरतात. हीच जाखडी युवक महोत्सवाच्या रंगमंचावर आली की प्रेक्षक एकाच बाजूस असतात, वेळ ठरावीक मिनिटांचा असतो. साहजिकच फेर उघडून रांग होते. हा बदल का होतो, त्यात काय हरवते व काय नव्याने मिळते, हा नृत्य-अभ्यासाचा मूलभूत प्रश्न आहे.

चित्रपटाचेही तसेच आहे. जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (2000) या चित्रपटात 20 मार्च 1927 च्या चवदार तळ्यावरील सत्याग्रहाचे चित्रण आहे. ते पाहून प्रत्यक्ष तळ्याकाठी उभा राहणारा विद्यार्थी इतिहास व त्याची दृश्य-मांडणी यांतील अंतर तपासू शकतो.

अडचण व उपाय :
तथापि, पदव्युत्तर नाट्यशिक्षणासाठी या विद्यार्थ्याला सुमारे 170 किलोमीटरवरील मुंबई गाठावी लागते. निवास व भोजनाचा खर्च शेतकरी कुटुंबास सहसा झेपत नाही. परिणामी ज्यांच्या अंगी कला आहे ते अभ्यासकांच्या वर्गात येत नाहीत. इतरांच्या प्रबंधांत ते 'माहितीदाते' म्हणून तेवढे उरतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने बहुविद्याशाखीय अभ्यासास वाव दिला आहे. त्याचा लाभ घेऊन मराठी, इतिहास व समाजशास्त्र या विभागांनी संयुक्तपणे क्षेत्रकार्यावर आधारित छोटा अभ्यासक्रम आखणे शक्य आहे. त्यासाठी सुसज्ज नाट्यगृहाची आवश्यकता नाही. ध्वनिचित्रमुद्रण, कलावंतांच्या मुलाखती व त्यांच्या संमतीने केलेली नोंद एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.

निष्कर्ष :
विद्यापीठीय प्रयोगकला-शिक्षण म्हणजे केवळ कलावंत घडविणे नव्हे, तर पाहण्याची शिस्त लावणे होय. ही शिस्त ग्रामीण महाविद्यालयातही लावता येते. अंगणातील फेर प्रथम त्याच अंगणातील विद्यार्थ्याने अभ्यासावा, हे अधिक उचित ठरेल.