कलकत्त्यात उतरलेला पांथस्थ

हावडा स्थानकाच्या फलाटावर उतरलेल्या मराठी उतारूस एका गोष्टीची जाणीव फार लवकर होते. ज्या नगरीसाठी त्याने मुंबईहून नागपूरमार्गे 1968 किलोमीटरांचा प्रवास केला, ती नगरी अद्याप पलीकडच्या तीरावर आहे. मध्ये हुगळी वाहते. पूर्वी नदी ओलांडावयास 1943 साली खुला झालेला पूल, नाहीतर घाटावरील स्टीमर, हेच मुख्य मार्ग होते. 2024 च्या मार्च महिन्यापासून नदीच्या तळाखालून मेट्रोही जाऊ लागली आहे. परंतु नदी कशीही ओलांडली तरी पलीकडे गेल्यावरचा प्रश्न बदलत नाही: रात्री पाठ कोठे टेकावयाची?

ज्याच्या खिशात भरपूर पैसे आहेत त्याला हा प्रश्न पडत नाही. तो ज्यांना पडतो त्यांच्यासाठीच 1977 च्या डिसेंबरात, मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, मुंबई आणि हावडा यांच्या दरम्यान गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. आरंभी या गाडीला वरच्या वर्गाचा एकही डबा नव्हता. सर्व प्रवासी एकाच दर्जाचे, ही कल्पना गाडीत तरी अमलात आली. पुढे तिलाही वरचे वर्ग जोडले गेले, हा भाग निराळा. मात्र गाडीतून उतरताच प्रवाशांची पुन्हा वर्गवारी होते आणि ती मुख्यतः निवाऱ्याच्या दारात होते.

कलकत्त्यात स्वस्त निवाऱ्याच्या निरनिराळ्या परंपरा एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत. त्यांतील सर्वांत जुनी बडाबाजारातील धर्मशाळांची. राजस्थानच्या शेखावाटीतून एकोणिसाव्या शतकात जे मारवाडी तरुण व्यापारासाठी येथे आले, ते प्रथम आपल्याच लोकांच्या ‘बाशा’त राहत. बासा म्हणजे मोठ्या पेढीच्या आश्रयाने चालणारी एकत्र राहण्याजेवण्याची जागा. कोणी ओळखीचा नसला तरी गाव आणि कूळ सांगितले की नवख्या माणसाच्या पानावर रोटी पडे. पुढे यांच्यापैकी काहींनी धन मिळविले आणि त्यातून धर्मशाळा बांधल्या. मध्ये चौक, भोवती मजल्यामजल्यांवर सज्जे, सज्ज्यांवर उघडणाऱ्या खोल्या. आत जेमतेम एक सतरंजी आणि भिंतीत एक कोनाडा. येथे भाडे थोडे आणि नियम फार. मांसाहार व मद्य वर्ज्य, रात्री ठराविक वेळी दरवाजा बंद, आणि मुक्काम बहुधा तीन दिवसांचा. चौथ्या दिवशी व्यवस्थापकाच्या नजरेतच निरोप असतो.

दुसरी परंपरा खास बंगाली, ती ‘मेसबाडी’ची. खेड्यापाड्यांतून नोकरीसाठी आलेले कारकून, शिक्षक, विद्यार्थी एका घराच्या खोल्या वाटून घेत. एका खोलीत तीनचार तक्तपोश, म्हणजे लाकडी चौरंगवजा खाटा. एक स्वयंपाकी, एक गडी आणि महिन्याच्या बाजाराचा हिशेब ठेवणारा एक सदस्य. शनिवारी दुपारी मेस रिकामी होई, कारण जो तो आपल्या गावी बायकामुलांकडे जाई. सोमवारी सकाळी ती पुन्हा भरे. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी आपल्या ब्योमकेश बक्षी या सत्यान्वेषकाचे बिऱ्हाड हॅरिसन रोडवरील अशा मेसमध्येच थाटले, आणि 1953 साली निघालेल्या ‘साडे चुयात्तर’ या बंगाली चित्रपटातील सारी गंमत एका मेसबाडीतच घडते. ही मेस आडवाटेच्या प्रवाशास सहसा मिळत नसे. मात्र एखाद्या सदस्याचा पाहुणा म्हणून दोन रात्रींची सोय होई आणि पाहुण्याच्या जेवणाचे पैसे यजमानाच्या खात्यावर चढत. आता अशा मेसबाड्या फार उरलेल्या नाहीत. घरमालकांस ती जागा अधिक मोलाची झाली आहे आणि लोकल गाड्यांमुळे नोकरदार रोज घरी परतू लागले आहेत.

मेस आटोपत आली तरी तिचे भावंड शोभावे असे ‘पाइस होटेल’ मात्र अजून तग धरून आहे. एका पैशात जेवण, या अर्थाने पडलेले हे नाव. कॉलेज स्ट्रीटच्या परिसरातील एका पाइस होटेलाचे नाव पूर्वी नुसते ‘हिंदू होटेल’ असे होते. स्वातंत्र्यानंतर मालकाने त्याच्यामागे ‘स्वाधीन भारत’ हे शब्द जोडले. येथे केळीच्या पानावर भात पडतो आणि पुढे प्रत्येक पदार्थ सुटा मोजला जातो. डाळ निराळी, भाजी निराळी, माशाचा तुकडा निराळा, आणि पुष्कळ ठिकाणी पान व लिंबाची फोड यांचेही दोन पैसे निराळे. थाळीची सवय असलेल्या महाराष्ट्रीयास ही पद्धत आरंभी कद्रूपणाची वाटते. पण थोड्या पैशांत पोट भरू पाहणाऱ्याची सोय हिच्यातच आहे. ज्याला भात आणि डाळ एवढेच परवडते, त्याला इतरांच्या माशाचे पैसे द्यावे लागत नाहीत. वाढणारा गडी सारी फर्माईश तोंडपाठ ठेवून बिल सांगतो आणि ते सहसा चुकत नाही.

तिसरी परंपरा सदर स्ट्रीटची. चौरंगीवरील भारतीय संग्रहालयाच्या बाजूने आत जाणाऱ्या या आखूड रस्त्यास पूर्वीच्या सदर दिवाणी अदालतीवरून हे नाव मिळाले. याच रस्त्यावरील एका घरात तरुण रवींद्रनाथ काही काळ राहत होते, आणि एका सकाळी झाडांआडून सूर्य उगवताना पाहून त्यांना जो साक्षात्कार झाला त्याचे वर्णन त्यांनी स्वतः केले आहे. आज तेथे सूर्योदय पाहावयास जागा थोडी उरली आहे. रस्त्याची दुतर्फा लॉजांनी, पैसे बदलून देणाऱ्या दुकानांनी आणि चहावाल्यांनी व्यापली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थानात येणाऱ्या तरुणांचा येथे तळ पडू लागला. पाठीवर पिशवी आणि हातात फाटका नकाशा घेतलेले हे लोक साल्व्हेशन आर्मीच्या अतिथिगृहातील सामाईक शयनगृहात नाहीतर आसपासच्या लॉजात एकेक खाट घेत. त्याच काळातील अॅलन गिन्सबर्ग हा अमेरिकन कवी मात्र 1962 साली सदर स्ट्रीटवर न उतरता चांदनी चौकाजवळच्या एका स्वस्त हॉटेलात राहिला आणि शहरातील तरुण बंगाली कवींत मिसळून गेला.

सदर स्ट्रीटच्या पाहुण्यांपैकी पुष्कळजण प्रेक्षणीय स्थळांसाठी येत नाहीत. मदर तेरेसा यांच्या संस्थेत काही दिवस किंवा काही महिने विनावेतन सेवा करावी, म्हणून ते आलेले असतात. पहाटे ते उठतात आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोडवरील मदर हाऊसकडे पायी निघतात. तेथे चहा, पाव आणि केळे घेऊन कोणी कालीघाटच्या निर्मल हृदयात, कोणी मुलांच्या आश्रमात जातात. मरणोन्मुख माणसास दिवसभर भरविणारा स्पॅनिश विद्यार्थी रात्री ज्या खाटेवर झोपतो, तिच्या शेजारच्या खाटेवर दार्जिलिंगच्या गाडीची वाट पाहणारा कोणी हौशी प्रवासी असतो. हे शेजार कोणी ठरवून देत नाही. भाड्याच्या आकड्याने ते आपोआप जुळते.

असल्या सामाईक खोलीत राहणाऱ्याचा पहिला व्यवहार नोंदवहीशी होतो. नाव, गाव, व्यवसाय, कोठून आलात, कोठे जाणार, हे सारे रकाने भरावे लागतात. परदेशी असेल तर निराळा फॉर्म. तो आल्याची खबर चोवीस तासांच्या आत सरकारी कचेरीस द्यावी लागते आणि ही दगदग नको म्हणून पुष्कळ लहान लॉजे परदेशीयांस घेतच नाहीत. मराठी माणसाच्या बाबतीत मात्र या वहीवरून कधीकधी इतिहास निघतो. ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचून एखादा वृद्ध व्यवस्थापक मिस्कीलपणे म्हणतो, “म्हणजे बर्गी!” नागपूरकर भोसल्यांच्या बारगीरांनी 1741 पासून दहा वर्षे बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांची आठवण बंगाली अंगाईगीतात आजही आहे. त्यांच्या भयाने कलकत्तेकरांनी 1742 साली खणावयास घेतलेला मराठा खंदक पुढे बुजविण्यात आला आणि त्या रेषेवर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात मराठा डिच लेन हे नाव अजून आहे. व्यवस्थापकाची थट्टा निर्विष असते. पाठोपाठ तो ‘दादा’ म्हणून हाक मारतो आणि दोन्ही भाषांत सारखाच असलेला हा शब्द ऐकून पाहुणा सैलावतो.

मग रात्र. आठदहा खाटांच्या खोलीत कोणी घोरतो, कोणी पहाटेच्या गाडीसाठी अंधारात पिशव्या चाचपतो, डोक्यावरचा पंखा कुरकुरत फिरतो. सामान खाटेखाली आणि कुलूप स्वतःचे, हा येथला शिरस्ता. एकांत हरवतो हे खरे, पण रेल्वेच्या वेळा, औषधाचे दुकान, खरा भाव आणि खोटा भाव, हे सारे शेजारच्या खाटेवरून फुकट कळते. बंगाली माणूस मच्छरदाणीवाचून झोपत नाही आणि पाहुण्यासही झोपू देत नाही. या शहरात तो आग्रह अकारण म्हणता येणार नाही. डास हिवतापाचे जंतू कसे पसरवितात हे रोनाल्ड रॉस यांनी 1898 साली पक्ष्यांवरील प्रयोगांनी सिद्ध केले, ते कलकत्त्यातच.

सकाळ पाण्याने होते. जुन्या कलकत्त्यात दोन प्रकारचे पाणी आले: पलता येथे शुद्ध केलेले पिण्याचे आणि गंगेतून तसेच उचललेले गढूळ, धुण्यासाठी. नळाला पाणी ठराविक वेळीच येते, म्हणून जुन्या निवासांत न्हाणीघरात सिमेंटचा हौद असतो. त्याला ‘चौबाच्चा’ म्हणतात. पाण्याचा आवाज ऐकताच बादल्यांची रांग लागते आणि ज्याला उशीर झाला तो हौदातले कालचे पाणी डोक्यावर घेतो.

आपल्या माणसांत राहावे असे ज्या मराठी प्रवाशास वाटते, त्याच्यासाठी हाजरा रोडवर तेथील महाराष्ट्रीय समाजाने उभारलेले महाराष्ट्र निवास आहे. कालीघाट तेथून जवळ. बंगालच्या रस्त्यावर दिवसभर हिंदी-बंगालीची कसरत केल्यावर जिन्यात दोन मराठी शब्द कानी पडले की थकवा उतरतो. तथापि जो केवळ तेथेच राहतो, त्याला कलकत्ता थोडा कमी दिसतो, हेही सांगितले पाहिजे.

निवाऱ्याच्या या साऱ्या प्रकारांत एक उणीव मात्र समान आहे: दार सर्वांसाठी सारखे उघडत नाही. एकट्या स्त्रीला खोली नाकारणारे, नाव वाचल्यावर जागा शिल्लक नसल्याचे ज्यांना आठवते असे व्यवस्थापक कलकत्त्यात आहेत तसे मुंबईत आणि पुण्यातही आहेत. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकास हॉटेलात प्रवेश नाकारता येत नाही. पण रात्री अकरा वाजता, हातात सामान असताना, अनुच्छेद कोण वाचून दाखविणार? पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांस टेकावयास जागा नव्हती, तेव्हा गाडगे महाराजांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभारली. दार कोणासाठी बंद आहे हे आधी पाहून मग बांधावयास घेणारे असे लोक थोडे.

दुसरी उणीव जीवघेणी आहे. 29 एप्रिल 2025 च्या रात्री बडाबाजारालगतच्या मेछुआ भागातील एका हॉटेलास आग लागली आणि चौदा माणसे दगावली. बहुतेकांचा प्राण ज्वाळांनी नव्हे, तर धुराने गेला. खर्च वाचविण्यासाठी जुन्या दाट वस्तीत उतरलेल्या माणसांवर हे संकट येते, कारण तेथे जिने अरुंद असतात, खिडक्यांस लोखंडी गज असतात आणि सज्ज्यांत माल रचलेला असतो. प्रवासी चादर पाहतो, पंखा फिरवून पाहतो, नळ सोडून पाहतो; दुसरा जिना कोठे आहे हे विचारीत नाही. वास्तविक तो प्रश्न भाड्याच्या आधी विचारावयाचा आहे.

इंग्रज सरकारने 1867 साली सराईंविषयी एक कायदा केला होता. त्याची कलमे आज वाचताना नवल वाटते. सराईच्या रखवालदाराने खोल्या, ओटे, मोऱ्या आणि विहिरी स्वच्छ ठेवाव्या, भिंती व दरवाजे दुरुस्त राखावे, पहारेकरी नेमावे, कोणी साथीच्या रोगाने आजारी पडला तर वर्दी द्यावी, आणि दरपत्रक सर्वांस दिसेल असे लावावे. दीडशे वर्षांपूर्वी बैलगाडीने येणाऱ्या उतारूसाठी एवढा विचार झाला होता. आजच्या तपासनिसाने या यादीत दुसऱ्या जिन्याची आणि उघडणाऱ्या खिडकीची भर घालून तीच यादी हातात घेऊन बडाबाजारातून एक फेरी मारली, तरी पुष्कळ काम होईल.

आणि स्वस्त निवाऱ्याची गरज केवळ हौशी प्रवाशाची नाही. पूर्व भारतातून आणि बांगलादेशातून रोग्यांस घेऊन येणारी कुटुंबे कलकत्त्यात आठवडेच्या आठवडे राहतात. औषधांत गेलेले पैसे भाड्यातून वाचवावयाचे असतात. राजारहाट येथील टाटा मेडिकल सेंटरने आपल्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातलगांसाठी ‘प्रेमाश्रय’ नावाचा निवास चालविला आहे. इतर रुग्णालयांभोवतीच्या गल्ल्यांत घरमालकांनी खोल्याखोल्यांत खाटा मांडल्या आहेत. तेथे सहल नसते. सामाईक चुलीवर आळीपाळीने भात शिजतो, आणि कोणाच्या माणसाचा अहवाल काय आला हे विचारावे न लागता सर्वांस कळते.

मुक्काम संपतो त्या सकाळी हिशेब फार थोडा वेळ घेतो. व्यवस्थापक वहीत वेळ टिपतो, किल्ली खिळ्यास अडकवितो आणि गड्यास हाक मारतो. प्रवासी जिना उतरून रस्त्यावर पोहोचण्यापूर्वीच वर त्याच्या खाटेवरील चादर बदललेली असते, आणि खाली दारात नवा उतारू वळकटी ठेवून नाव लिहावयास वाकलेला असतो.