गंजलेल्या बोल्टाची वसुली

बोल्ट तुटतो तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. हातातला पाना एकदम हलका होतो, एवढंच. क्षणभर वाटतं, सुटला बुवा! मग पाहावं तर डोकं तेवढं पान्यात आलेलं आणि धड आतच रुतलेलं. गॅरेजमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला या हलकेपणाची जेवढी धास्ती असते, तेवढी जड कामाची नसते.

नोकरीची सगळी वर्षं मी बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पाना आणि पकड यांच्याशी माझा संबंध तसा लांबचाच. पण रत्नागिरी जिल्ह्यात माझ्या मेहुण्यांच्या घरामागे, मांगरात, १९८७ सालची एक मॅटॅडोर उभी आहे. तिच्या दुरुस्तीच्या निमित्ताने गेल्या हिवाळ्यात चार दिवस एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या शेजारी स्टूल टाकून बसायला मिळालं. तिथे जे पाहिलं ते सांगण्याजोगं आहे.

मॅटॅडोर म्हटलं की चाळिशीच्या पुढच्या मराठी माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. लग्नाचं वऱ्हाड, गणपतीची मूर्ती, भाजीच्या पाट्या, बदली झालेल्या मास्तरांचं सामान, सगळं तिच्यातून गेलं. ‘टेम्पो’ हा शब्द आज आपण मराठीच समजतो, पण तो मुळात एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव. १९५८ साली सुरू झालेल्या बजाज टेम्पोमुळे तो आपल्या तोंडी बसला. त्या कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, मॅटॅडोर बनायचीही थांबली. पण भाड्याने छोटी मालगाडी हवी असली की गावाकडे अजून कुणीतरी ‘मॅटॅडोर सांग’ म्हणतंच.

मेहुण्यांनी ही गाडी बँकेच्या कर्जावर घेतली होती. माझ्या शाखेतून नव्हे, पण अशी कर्जं मीही बरीच पाहिली आहेत. आंब्याच्या पेट्या आणि एरवी मिळेल ते भाडं वाहून त्यांनी कर्ज फेडलं, दोन मुलांची शिक्षणं केली, ताईची दोन ऑपरेशनं निभावली. गेली बारा वर्षं गाडी उभी होती. मांगराच्या जागेवर भाच्याला दोन खोल्या काढायच्या होत्या आणि भंगारवाल्याने भावही सांगून ठेवला होता. ऐंशीच्या घरातले मेहुणे त्यावर एकच वाक्य बोलले, “एकदा सुरू करून बघा, मग काय ते ठरवा.”

इंजिन उघडायचं म्हणजे आधी धुराड्याकडचा मॅनिफोल्ड काढायला हवा. तो ज्या स्टडांवर बसतो ते वर्षानुवर्षं तापत आणि निवत आलेले. त्यात समुद्रावरची खारी हवा. लोखंड गंजतं तेव्हा ते नुसतं झिजत नाही, फुगतं. मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा गंजाला लागते. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत हा गंज भरला की नट आणि स्टड एकजीव होतात. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात बसलेला असला तर आणखी पंचाईत. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, म्हणजे छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

मिस्त्रीने पहिल्या दिवशी पान्याला हातच लावला नाही. तारेच्या ब्रशने आटे घासले, गंज सोडवणारं तेल मारलं आणि म्हणाला, “चला साहेब, आता उद्या.”

“एवढ्यासाठी अख्खा दिवस?” भाच्याने विचारलं.

“बारा वर्षं उभी होती ना? एक रात्र आणखी राहील.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, आणि स्टडाच्या टोकावर हातोडीचे बेताचे ठोके. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात, तेल त्यांतून आत उतरतं. मग सहा कोनांचा बॉक्स पाना. बारा कोनांचा पाना फक्त टोकांना धरतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकतो. पाना चढवल्यावर मिस्त्रीने तो आधी आवळायच्या दिशेने किंचित दाबला. जोड कुठूनही हलला तरी हललाच, हे त्याचं तत्त्व. नंतर थोडा सैल, पुन्हा थोडा घट्ट, मध्ये तेल. बहुतेक नट असे कुरकुरत सुटले. एकाचे कोपरे आधीच कुणीतरी गोल करून ठेवले होते. डिझेलचे पाइप दूर केले, सांडलेलं तेल पुसून घेतलं, मग तो नट टॉर्चने तापवला. तापलेला नट स्टडापेक्षा जास्त पसरतो आणि पकड सोडतो. तोही निघाला.

शेवटचा मात्र तुटला. स्टड मुळाशी, जेमतेम एक सूत बाहेर.

मॅनिफोल्ड निघाला, पाठोपाठ हेडही उतरवलं. पण हेडमधल्या त्या भोकामागे पाण्याची वाट होती. ड्रिल वाकडं गेलं किंवा खोल गेलं तर हेड निकामी. तसं दुसरं हेड शोधायचं म्हणजे जुन्या बाजारात फेऱ्या, आणि ते मिळालं नाही तर भंगारवाला होताच. मेहुणे ओट्यावर येऊन बसले. काही विचारलं नाही त्यांनी.

तुटक्या टोकावर नट ठेवून मिस्त्रीने आतून वेल्डिंग केलं. उष्णताही मिळते आणि पकडायला डोकंही. दोनदा केलं, दोनदा वेल्डिंगच सुटून आलं. भाचा बाजारातून एक्स्ट्रॅक्टर घेऊन आला. तुटक्या बोल्टात भोक पाडून त्यात उलट्या आट्याचा हा खिळा फिरवतात. मिस्त्रीने तो हातात घेऊन परत दिला. त्याचं म्हणणं असं : जो स्टड अख्ख्या जाडीनिशी फिरला नाही, तो त्याच्या पोटातल्या बारीक खिळ्याने कसा फिरेल? आणि तो खिळा असतो कडक, ठिसूळ. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला ओरखडासुद्धा काढत नाही.

हे ऐकताना मला थकीत कर्जांच्या फायली आठवल्या. हप्ता अडकला की नोटीस, नोटिशीनंतर जप्ती, असा जोर लावणारे अधिकारी मी पाहिले. गाडी ताब्यात यायची, यार्डात गंजायची आणि कर्ज बुडायचं ते बुडायचंच. तेच कर्ज एखादा अधिकारी जाऊन बघायचा, की अडकलंय कशाने? मोहोर गळाला, की गाडीच बंद पडली? मग हप्ते थोडे लांबवायचे, थोडी वसुली, पुन्हा थोडी सवलत. सगळी कर्जं अशाने सुटत नाहीत. काही मुद्दाम बुडवलेली असतात, तिथे कायदाच हवा. पण कुठलं कुठलं आहे, हे जोर लावण्याआधी पाहावं लागतं.

तिसऱ्या दिवशी हेड गावातल्या टर्नरकडे नेलं. मिस्त्रीने स्टडाच्या बरोबर मध्यावर पंचने खूण केली. ती करायला त्याने पाऊण तास घेतला. ड्रिलवर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची मर्यादा ठरवली. आधी ३ मि.मी., मग ५, मग साडेसहा. ८ मि.मी.च्या नेहमीच्या आट्यासाठी भोक ६.८ मि.मी.चं असतं. त्याच्या आत थांबलं की मूळचे आटे शाबूत राहतात आणि स्टडाची पातळ साल तेवढी उरते. ती साल त्याने अणकुचीदार टोच्याने वळवून वळवून काढली. नंतर टॅप फिरवला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, कीस झाडत. नवा स्टड बोटांनी आत गेला तेव्हा मिस्त्री हसला नाही. ओट्यावरच्या मेहुण्यांना फोन लावायला तेवढा त्याने मला सांगितलं.

पुढचं काम सरळ होतं. नवे स्टड, त्यांवर तांब्याची पूड मिसळलेलं ग्रीस, आणि लोखंडाऐवजी पितळी नट, म्हणजे पुढच्या माणसाला ते सोडवता येतील. आवळणी मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने. चौथ्या दिवशी संध्याकाळी इंजिन सुरू झालं, मांगर धुराने भरला आणि ताई आतून ओरडली. रस्त्यावर आणायची तर फिटनेस आणि कागदपत्रं यांचं वेगळं प्रकरण आहे. पण भंगारवाल्याला नाही कळवलं गेलं आणि भाच्याच्या दोन खोल्या आता विहिरीच्या बाजूला निघणार आहेत.

मिस्त्रीच्या हाताखाली सध्या कुणी नाही. गॅरेजात पोरं येतात, पण त्यांना भाग बदलायचा असतो, सोडवायचा नसतो. आणि नव्या गाड्यांना ते पुरतंही. जाताना त्याने तुटक्या स्टडाचा कीस आणि ते डोकं कागदात बांधून भाच्याच्या हातात ठेवलं आणि बजावलं, “पावसाच्या आधी उघड्या आट्यांना ग्रीस लावायचं. दर वर्षी. विसरायचं नाही.”

भाच्याने ते कॅलेंडरवर, मे महिन्याच्या पानावर, लिहून ठेवलं आहे.